बंद पेटीतून निघणारा बोगदा

कंटेनरमध्ये चालणारी व्हीपीएन सेवा ही मुळात एक विसंगती आहे. आतला प्रोग्रॅम बाहेरच्या यंत्रापासून अलग ठेवणे हे कंटेनरचे काम, तर दूरदूरची यंत्रे एका खासगी जाळ्यात जोडणे हे व्हीपीएनचे. एकाला भिंती हव्यात आणि दुसऱ्याला त्याच भिंतींतून वाट हवी. अशी सेवा सुरू करताना भरावी लागणारी मूल्ये नवख्या माणसाला विस्कळीत वाटतात, पण त्यांतली बहुतेक एकाच प्रश्नाची उत्तरे असतात: भिंतीला भोक कुठे पाडायचे आणि केवढे?

त्यासाठी आधी भिंत कशाची आहे हे पाहायला हवे. कंटेनर म्हणजे छोटा संगणक, हा समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. आभासी यंत्राला (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या पूर्ण संगणकाला) स्वतःचे कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, असते. कंटेनर मात्र यजमान संगणकाच्याच, म्हणजे तो ज्यावर ठेवला आहे त्या यंत्राच्या, कर्नलवर चालतो. लिनक्स या कार्यप्रणालीतील नेमस्पेस ही सोय प्रत्येक कंटेनरला स्वतःच्या फाइली, स्वतःच्या प्रक्रिया आणि स्वतःचे नेटवर्क असल्याचा आभास निर्माण करून देते, तर २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेली सीग्रुप ही सोय त्याने किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा याला मर्यादा घालते. २०१३ मध्ये जगासमोर आलेल्या डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाने या आधीपासूनच्या सोयी एका सुटसुटीत आज्ञेमागे आणून ठेवल्या.

व्हीपीएनच्या बाबतीत याचा परिणाम मोठा मजेदार होतो. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेले वायरगार्ड हे व्हीपीएनचे तंत्र मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.६ पासून थेट कर्नलचा भाग आहे. म्हणजे पाकिटे (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) कुलूपबंद करण्याचे आणि उघडण्याचे काम कंटेनरमध्ये होतच नाही, ते यजमानाचे कर्नल करते. कंटेनर सोबत घेऊन येतो ती फक्त व्यवस्थापनाची खोली: वापरकर्ते नोंदवण्याचे वेबपान, चाव्या तयार करणारी आज्ञा, फोनवर टिपून घेण्यासाठीचा क्यूआर कोड. यजमानाच्या कर्नलमध्ये वायरगार्ड नसेल, तर ही खोली अगदी थाटात सुरू होते, मात्र बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली कुलूपबंद वाट, खणला जात नाही.

पहिले भोक अधिकारांचे. लिनक्सने रूट या मुख्य वापरकर्त्याच्या सर्वाधिकाराचे सुमारे चाळीस तुकडे केले आहेत, आणि डॉकर त्यांतले मोजके चौदा कंटेनरला आपणहून देतो. नवे नेटवर्क इंटरफेस (यंत्राला नेटवर्कशी जोडणारी दारे) उभारण्यासाठी लागणारा ‘नेट ॲडमिन’ हा अधिकार त्या चौदांत नाही, म्हणून तो मागून घ्यावा लागतो. सुदैवाने तो कंटेनरच्या स्वतःच्या नेटवर्क नेमस्पेसपुरताच चालतो. ‘सिस मॉड्यूल’ या अधिकाराचे तसे नाही. काही तयार नमुन्यांत तोही मागितलेला आढळतो, पण तो दिला की कंटेनरला यजमानाच्या कर्नलमध्ये वाटेल तो कोड घुसवता येतो. यजमानावर वायरगार्डचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा भाग) आधीच चढवून ठेवले, तर त्याची मुळीच गरज उरत नाही. आणि सगळे अधिकार एकदम देणारा ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय वापरणे म्हणजे दरवाजा अडकतो म्हणून भिंतच पाडणे होय.

दुसरी गोष्ट पाकिटे पुढे धाडण्याची. स्वतःच्या नावे नसलेले पाकीट पुढे पाठवायचे की टाकून द्यायचे, हे कर्नलमधील ‘आयपी फॉरवर्ड’ या मूल्यावर ठरते. ते कंटेनरसाठी १ असावे लागते. शिवाय बाहेर जाणाऱ्या पाकिटावर प्रेषक म्हणून बोगद्यातला खासगी पत्ता राहून चालत नाही, त्यामुळे तो बदलणारा नियमही लागतो. बोगदा जुळल्याचे दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी या दोन जागा तपासाव्यात.

आता पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येक सेवेच्या दाराचा क्रमांक. पाकिटे पाठवण्याच्या यूडीपी आणि टीसीपी या दोन पद्धतींपैकी वायरगार्ड यूडीपीवर चालते आणि त्यासाठी बहुधा ५१८२० हा क्रमांक वापरला जातो. डॉकरला पोर्ट उघडायला सांगताना क्रमांकापुढे ‘यूडीपी’ लिहायचे राहिले, तर तो टीसीपी गृहीत धरतो. चूक एका शब्दाची, पण शोधायला अवघड. कारण ओळख न पटलेल्या पाकिटाला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही. हे मौन सुरक्षेसाठी उत्तम आहे, मात्र त्यामुळे नीट चालणारी सेवा आणि पोहोचताच न येणारी सेवा बाहेरून सारखीच दिसते.

व्यवस्थापनाचे वेबपान असे मौन पाळत नाही, ते कोणालाही उत्तर देते. इथे अनुभवी माणसेही फसतात. लिनक्सवर यूएफडब्ल्यूसारखी अग्निभिंत लावून पान बंद केले, असे त्यांना वाटत असते. पण डॉकर स्वतःचे नियम लिहून येणारे पाकीट थेट कंटेनरकडे वळवतो आणि ते अग्निभिंतीच्या त्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हे पोर्ट उघडताना ते १२७.०.०.१ या, फक्त यजमानाला स्वतःलाच दिसणाऱ्या पत्त्याला बांधावे, पहिली व्यवस्था एसएसएचमधून (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या जोडणीतून) करावी आणि पुढे बोगद्याच्या आतूनच ते पान वापरावे.

कंटेनरला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो, हेही लक्षात घ्यावे. त्याला दिसतो तो डॉकरने दिलेला, बहुधा १७२ ने सुरू होणारा अंतर्गत पत्ता. ग्राहकांच्या, म्हणजे सेवेला जोडल्या जाणाऱ्या फोन-संगणकांच्या, फाइलीत कोणता पत्ता लिहायचा हे सेवेला वेगळे सांगावे लागते, ते यासाठीच. त्याच फाइलीतल्या ‘अलाउड आयपीज’ या ओळीचे काम दुहेरी आहे: जाताना कोणती पाकिटे बोगद्यात घालायची आणि येताना कोणत्या पत्त्यांवरून आलेली स्वीकारायची, हे दोन्ही ती ठरवते. तिथे ०.०.०.०/० लिहिले की आयपीव्ही४ची सारी वाहतूक बोगद्यातून जाते. बोगद्यासाठी १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते मात्र निवडू नयेत, कारण असंख्य घरगुती राउटर तेच वाटतात आणि मग पाकीट घरातच राहावे की बाहेर जावे याचा गोंधळ होतो.

राहता राहिल्या चाव्या: प्रत्येक टोकाची एक गुप्त ‘खासगी’ चावी आणि तिच्या जोडीची, समोरच्याला द्यायची ‘सार्वजनिक’ चावी. प्रत्येक चावी ३२ बाइटांची, म्हणजे कागदावर ४४ अक्षरांची असते. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेले सारे त्याच्यासोबत जाते, आणि नवी आवृत्ती घेताना तो काढून टाकावाच लागतो. चाव्यांची जागा यजमानावरच्या व्हॉल्यूमला (कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठ्याला) जोडलेली नसेल, तर नवा कंटेनर नवी खासगी चावी बनवतो, ग्राहकांच्या फाइलीत जुनीच सार्वजनिक चावी राहते, आणि सर्वांचे बोगदे कोणत्याही त्रुटीच्या संदेशाविना बंद पडतात. त्यामुळे एकच ग्राहक जोडलेला असतानाच कंटेनर मुद्दाम काढून पुन्हा उभा करावा आणि ग्राहकाच्या फोनला हात न लावता तो परत जोडला जातो का, हे पाहावे. जोडला गेला, तर दुसऱ्या ग्राहकाची नोंद करायला हरकत नाही.