वस्तू सोडवा, गणित सुटेल

10 मीटर अंतरावर दोन खांब आहेत. त्यांच्यामध्ये दोर बांधलाय आणि दोराच्या बरोबर मध्यावर 10 किलोचं ओझं टांगलंय. ओझ्याने दोराला मध्यभागी 25 सेंटिमीटर झोल आला आहे. दोराला किती ताण सोसावा लागतो?

दोन बाजूंनी निम्मा-निम्मा भार, म्हणजे प्रत्येकी 5 किलो, असं पटकन वाटतं. प्रत्यक्षात दोरावर जवळजवळ 100 किलो वजन टांगल्याइतका ताण असतो.

हे पडताळायला एक कागद पुरतो. ओझं जिथे अडकवलंय ती गाठ तेवढी नजरेसमोर ठेवायची. खांब विसरायचे, बाकीचा दोरही विसरायचा. या गाठीला कोण कोण ओढतंय? खाली ओझं, 100 न्यूटन बलाने (गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी सोयीसाठी 10 धरलं आहे). डावीकडे दोराचा डावा भाग, उजवीकडे उजवा. गाठ जागची हलत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून 100 न्यूटन वर उचललेच पाहिजेत, प्रत्येकी 50. पण दोर जवळजवळ आडवा आहे. 5 मीटर पुढे जाताना तो जेमतेम पाव मीटर चढतो. म्हणून त्याच्या ओढीचा विसावा हिस्साच ओझं उचलायच्या कामी येतो, बाकीची ओढ डाव्या-उजव्या भागांच्या आपसातल्या रस्सीखेचीत जाते. विसाव्या हिश्शात 50 न्यूटन बसवायचे तर पूर्ण ताण 50 गुणिले 20, म्हणजे 1000 न्यूटन हवा.

झोल 5 सेंटिमीटरवर आणा, ताण 5000 न्यूटन होतो. उलट दोर सैल सोडून 1 मीटर झोल येऊ दिला, तर ताण 255 न्यूटनच्या आसपास उतरतो. ओझं टांगलेला दोर अगदी सरळ रेषेत आणणं मात्र कितीही जोर लावला तरी जमणार नाही, कारण सरळ आडव्या दोराच्या ओढीत वर उचलणारा हिस्साच उरत नाही.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स', म्हणजे अभियांत्रिकी यामिकी, हा विषय असतो. पुष्कळ मुलं या विषयाला घाबरतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण यातल्या स्थिर वस्तूंच्या गणितांना सूत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा लागत नाहीत. अडतं ते वरच्या त्या एका कृतीपाशी, गाठ बाकीच्या जगापासून वेगळी काढण्यापाशी. मराठीत आपण गणित सोडवतो आणि गुंत्यात अडकलेली वस्तूही सोडवतो. या विषयात ही दोन्ही कामं अक्षरशः एकच आहेत. वस्तू आजूबाजूच्या सगळ्यातून मोकळी करायची, कागदावर ती एकटीच काढायची आणि तिच्यावर बाहेरून लागणारं प्रत्येक बल बाणाने दाखवायचं. पाठ्यपुस्तकात याला मुक्त पिंड आकृती म्हणतात, वर्गात सगळे 'फ्री बॉडी डायग्राम' किंवा नुसतं 'एफबीडी' म्हणतात.

बाण काढायचे कसे, याचा नियम एकच आहे. जिथे तोडलं, तिथे तोडलेली गोष्ट काय करत होती ते लिहायचं. आधार वस्तूची जी हालचाल रोखतो, तिच्या उलट दिशेने तो बल लावतो. दोर फक्त लांब जाऊ देत नाही, म्हणून तो फक्त स्वतःच्या रेषेत ओढतो, ढकलत कधीच नाही. गुळगुळीत पृष्ठभाग फक्त आत घुसू देत नाही, म्हणून तो काटकोनात बाहेर ढकलतो. खरबरीत जमीन घसरण्यालाही विरोध करते, म्हणून तिथे घर्षणाचा आणखी एक बाण येतो. बिजागरी कुठल्याच दिशेला सरकू देत नाही, पण फिरू देते. भिंतीत पक्की रोवलेली तुळई सरकतही नाही आणि फिरतही नाही, म्हणून तिथे बलांबरोबर फिरणं अडवणारं आघूर्णही (बलाचा फिरवण्याचा परिणाम) दाखवावं लागतं. आधारांची यादी पाठ करणारी मुलं पाहिली की सांगावंसं वाटतं, यादी सोडा. काय हलू शकत नाही एवढंच प्रत्येक वेळी विचारा.

इथे एक चूक हमखास होते. टेबलावर पुस्तक आहे. पृथ्वी ते खाली ओढते, टेबल वर ढकलतं. ही दोन बलं सारखी आणि विरुद्ध आहेत, म्हणून ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं बहुतेक जण लिहितात. तसं नाही. पुस्तकावर हाताने दाब द्या. टेबलाची प्रतिक्रिया वाढते, पुस्तकाचं वजन आहे तेवढंच राहतं. खरी जोडी असती तर दोन्ही एकदम वाढली असती. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली ढकलतं. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून एकाच वस्तूच्या आकृतीत ती दोन्ही कधी येत नाहीत. वस्तू नीट सोडवली असेल तर हा घोळ होतच नाही.

तोडण्याची ही युक्ती न्यूटनच्याही आधीची आहे. 1586 साली सायमन स्टेविन या फ्लेमिश अभियंत्याने उताराचा प्रश्न सोडवला, तो सोडवण्याची रीत मला फार आवडते. एक त्रिकोणी ठोकळा कल्पा, तळ आडवा, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्याच्याभोवती सारख्या वजनाच्या 14 गोळ्यांची माळ घातली आहे. लांब उतारावर 4 गोळ्या, आखूड उतारावर 2, आणि उरलेल्या 8 खाली लोंबत आहेत. माळ आपोआप फिरेल का? फिरली तर एका गोळीच्या जागी दुसरी येईल, रचना जशीच्या तशी राहील, आणि माळ अखंड फिरत बसेल. हे अशक्य आहे, म्हणून माळ स्थिर. आता खालचा लोंबता भाग पाहा. तो दोन्ही टोकांना सारखाच ओढतो. मग तो कापून टाका! समतोल बिघडत नाही, आणि उरतं ते असं: लांब उतारावरच्या 4 गोळ्या आखूड उतारावरच्या 2 गोळ्यांना तोलून धरतात. उंची तीच ठेवून उतार दुप्पट लांब केला, तर वस्तू धरून ठेवायला निम्मं बल पुरतं. एकही समीकरण न मांडता.

समीकरणं कुठे लागतात, हे भिंतीला टेकवलेल्या शिडीवरून दिसेल. 5 मीटर लांबीची शिडी, पाय भिंतीपासून 3 मीटरवर, वरचं टोक 4 मीटर उंचीवर. शिडीचं वजन 200 न्यूटन, चढणाऱ्या माणसाचं 600. भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत. प्रश्न असा की माणूस वर पोचेपर्यंत शिडी घसरेल का?

शिडी भिंतीपासून आणि जमिनीपासून सोडवा. भिंत तिला आडवं ढकलते. जमीन वर उचलते, शिवाय पाय बाहेर सरकू नये म्हणून घर्षणाने भिंतीकडे ढकलते. वरून खाली दोन वजनं. खाली 800 न्यूटन आहेत, म्हणून जमिनीची प्रतिक्रिया 800. आडव्या दिशेला भिंतीचा रेटा आणि घर्षण दोनच, म्हणून ती सारखी. पण सारखी म्हणजे किती? त्यासाठी आघूर्ण, म्हणजे बल गुणिले त्याच्या रेषेचं बिंदूपासूनचं लंब अंतर. कुठल्याही बिंदूभोवती एका दिशेला फिरवणारी आघूर्णं आणि उलट दिशेची आघूर्णं समान असली पाहिजेत. बिंदू कुठला घ्यायचा हे आपल्या हाती असतं, आणि इथेच थोडी कला आहे. शिडीच्या पायाशी बिंदू घेतला की जमिनीची दोन्ही बलं त्याच बिंदूतून जातात, त्यांचं अंतर शून्य होतं आणि ती समीकरणातून गळून पडतात. एकच अज्ञात उरतं.

माणूस अर्ध्यावर असताना भिंतीचा रेटा गुणिले 4 बरोबर 200 गुणिले 1.5 अधिक 600 गुणिले 1.5. रेटा 300 न्यूटन. माणूस अगदी वर गेला की त्याचं अंतर 3 मीटर होतं आणि रेटा 525 न्यूटनवर जातो. तेवढंच घर्षण जमिनीने द्यायला हवं. 800 न्यूटन दाबाच्या प्रमाणात बघितलं तर अर्ध्यावर 0.375 घर्षणांक (कमाल घर्षण भागिले दाब) पुरतो, टोकाला 0.66 लागतो. जमिनीचा घर्षणांक 0.5 असेल तर चढणाऱ्याला अर्ध्यापर्यंत काहीच जाणवत नाही, आणि शिडी सुटते ती वर गेल्यावर. खाली दुसरा 600 न्यूटन वजनाचा माणूस पायरीवर पाय देऊन उभा राहिला तर? बिंदू पायाशीच असल्याने त्याचं आघूर्ण जवळपास शून्य, रेटा 525 च राहतो, पण जमिनीवरचा दाब 1400 न्यूटन होतो आणि गरज पुन्हा 0.375 वर उतरते. शिडी थोडी उभी करून पाय उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवला, तर माणूस टोकाला असतानाही 0.22 पुरतो. शिडी 4 ला 1 या प्रमाणात लावा असं सुरक्षेच्या नियमांत सांगतात, त्याचा अर्थ या आकड्यात दिसतो.

घर्षणाबद्दल थोडं थांबतो, कारण सर्वात जास्त चुका इथे होतात. घर्षण बरोबर घर्षणांक गुणिले दाब, हे सूत्र मुलं दिसेल तिथे लावतात. 500 न्यूटन वजनाची पेटी, घर्षणांक 0.4, कुणी 100 न्यूटन बलाने आडवं ढकलतंय. घर्षण किती? सूत्र 200 म्हणतं. खरोखर 200 असतं तर पेटी ढकलणाऱ्याच्याच अंगावर आली असती! घर्षण 100 च आहे, जेवढी गरज तेवढंच. 200 ही त्याची कमाल मर्यादा आहे, आणि ते सूत्र पेटी घसरण्याच्या बेतात असते तेव्हाच लागू होतं. उंच कपाट ढकलताना तर दुसराच प्रश्न आधी येतो: घसरेल की उलटेल? कपाट 60 सेंटिमीटर खोल, गुरुत्वमध्य मध्यावर, घर्षणांक 0.4 असेल तर पुढच्या कडेभोवती आघूर्णं घेऊन उत्तर जमिनीपासून 75 सेंटिमीटर उंची असं येतं. त्या उंचीच्या खाली हात लावला तर ते सरकतं, वर लावला तर सरकायच्या आधी कलतं.

सगळंच असं सुटत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तीन पायांच्या स्टुलाच्या प्रत्येक पायावर किती भार, हे समतोलाच्या समीकरणांतून नेमकं निघतं. चार पायांच्या टेबलाचं निघत नाही. अज्ञात चार आणि उपयोगी समीकरणं तीन. मग पाय किती दबतात, लांबीत किती फरक आहे, हे विचारात घ्यावं लागतं आणि गणित पदार्थांच्या बलविज्ञानात जातं.

पण जे सुटतं तेही वेळेवर सोडवलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 17 जुलै 1981 रोजी दिसलं. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवर दोन टांगते पूल होते, एकाखाली एक. त्या संध्याकाळी ते दोन्ही कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच अखंड लोखंडी सळई दोन्ही पुलांच्या तुळयांतून खाली जाणार होती आणि प्रत्येक तुळई आपापल्या नटावर टेकणार होती. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणं अवघड, म्हणून बांधताना सळईचे दोन भाग केले: एक छतापासून वरच्या तुळईपर्यंत, दुसरा वरच्या तुळईपासून खालच्या तुळईपर्यंत. बघायला फरक किरकोळ वाटतो.

वरची तुळई सोडवून बघा. मूळ आराखड्यात तिच्यावर खाली जाणारा बाण एकच, वरच्या पुलाचा भार. खालच्या पुलाचा भार सळईतून थेट छताकडे जातो, तुळईला त्याचा स्पर्शही नाही. म्हणून तिच्याखालच्या नटाने उचलायचा तो फक्त एका पुलाचा भार. बदललेल्या रचनेत खालची सळई वरच्या तुळईलाच लटकली आहे. आता खाली जाणारे बाण दोन, आणि त्या दोघांना मिळून तोलणारा वरचा बाण त्याच एका नटाचा, दुप्पट लांबीचा. चौकशीत असं निघालं की मूळ जोडसुद्धा शहराच्या बांधकाम नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होता, आणि त्यावर भार दुप्पट झाला होता. तुळईचा तळ फाटला आणि नट त्यातून आरपार गेला.