किती चिठ्ठ्या मोजल्या म्हणजे खात्री पटेल?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात यंत्रांवरच्या मतांची बेरीज झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मते होती आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाखांहून अधिक मतांत फरक एका मताचा. टपाली मते धरल्यावर पारडे फिरले. कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० टपाली मते मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले.

निकाल जाहीर करण्याआधी बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. त्या कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसारच. मताधिक्य बाद टपाली मतांच्या संख्येपेक्षा कमी असेल, तर ती सगळी मते पुन्हा पाहावीच लागतात. या साध्या नियमात मोठे शहाणपण आहे. तपासणी किती कसून करायची, हे तो लढत किती अटीतटीची झाली यावरून ठरवतो. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्रातून प्रत्येक मतामागे निघणाऱ्या चिठ्ठ्यांना मात्र हे शहाणपण लागू नाही. तिथे निकाल ४८ मतांनी लागो की अडीच लाखांनी, विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि उठायचे.

मुळात या चिठ्ठीची गरज का पडली? आरएसए ही कूटपद्धत तयार करणाऱ्या तिघांपैकी एक रोनाल्ड रिव्हेस्ट. त्यांनी जॉन वॅक यांच्यासोबत २००६ मध्ये मतदान यंत्रांसाठी एक कसोटी मांडली. सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या लक्षात न आलेला बदल झाला, तर त्यामुळे निकालात कुणाच्या लक्षात न येणारा बदल होता कामा नये. यंत्रात फेरफार करता येतो की नाही, यावर आपल्याकडे वाहिन्यांवर रात्र-रात्र भांडणे होतात. ही कसोटी त्या भांडणात पडतच नाही. गडबड झालीच तर ती कळेल का, एवढेच ती विचारते. ती कळायची तर यंत्राबाहेरचा पुरावा हवा. आपल्याकडे तो पुरावा म्हणजे काचेआड सात सेकंद दिसून खालच्या बंद डब्यात पडणारी चिठ्ठी, जिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. २०१३ साली नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही, तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात.

मोजणीच्या दिवशी हे काम शेवटी येते. तोवर गुलाल उधळून झालेला असतो आणि हरलेल्यांचे प्रतिनिधी निघायच्या तयारीत असतात. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर मतदान केंद्रांचे क्रमांक छापलेले असतात. ती चार घड्या घालून डब्यात टाकतात, डबा हलवतात, आणि निवडणूक निर्णय अधिकारी सगळ्यांसमोर पाच कार्डे काढतात. त्या केंद्रांच्या चिठ्ठ्या जाळीच्या केबिनमध्ये उमेदवारवार खणांत टाकून मोजल्या जातात. एका केंद्राला साधारण तासभर लागतो. ही सोडत काढण्याची पद्धत मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. कोणती केंद्रे निघणार हे आधी कुणालाच माहीत नसते, आणि ती निघताना सगळ्यांना दिसते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात याच कामासाठी दहा बाजूंचे फासे लोकांसमोर टाकून वीस आकडी संख्या तयार करतात. त्या फाशांपेक्षा आपला डबा काही कमी प्रतीचा नाही.

अडचण आहे ती पाच या आकड्याची. आधी एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजत. २०१९ मध्ये २१ विरोधी पक्षांनी निम्म्या यंत्रांची मागणी केली, आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने एकाचे पाच केले. एक फार थोडे आणि निम्मी फार जास्त, म्हणून मधला तोडगा. आयोगाची बाजू होती की पाचाचीसुद्धा गरज नाही, आणि त्यासाठी हाताशी भारतीय सांख्यिकी संस्थेचा अहवाल होता. देशभरातल्या सुमारे १०.३५ लाख यंत्रांतून कशीही ४७९ उचला. सगळ्यांचा ताळा जमला, तर सदोष यंत्रे दोन टक्क्यांहून कमी आहेत असे ९९.९९३६ टक्के खात्रीने सांगता येते, असे हा अहवाल म्हणतो.

हे गणित बरोबर आहे, आणि घरबसल्या पडताळता येते. दोन टक्के यंत्रे सदोष असतील, तर एक यंत्र उचलल्यावर ते चांगले निघण्याची शक्यता ०.९८. सलग ४७९ चांगली निघण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा ४७९ वा घात, म्हणजे सुमारे ०.००००६. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा.

मग बिनसले कुठे? शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले केवढे आहे याने फरक पडत नाही, भात नीट ढवळलेला असला की झाले. म्हणून दहा लाख यंत्रांना ४७९ पुरतात, आणि दहा कोटी असती तरी तेवढीच पुरली असती. पण निवडणुकीत चुलीवर एकच पातेले नसते. महाराष्ट्र विधानसभेची २८८ पातेली वेगवेगळी शिजतात, आणि प्रत्येकातला भात वेगळ्या पंगतीला वाढायचा असतो. देशभरातल्या ४७९ शितांपैकी माझ्या मतदारसंघातल्या पातेल्यातून कदाचित एकही उचललेले नसेल.

एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. त्यात ३५० केंद्रे आहेत (महाराष्ट्रात लाखभर केंद्रे आणि २८८ मतदारसंघ, तेव्हा सरासरी तेवढीच येते). प्रत्येक केंद्रात ६०० मते, एकूण २,१०,०००. विजयी उमेदवाराची आघाडी एक टक्का, म्हणजे २,१०० मते. ही आघाडी बनावट असेल, तर किती मते फिरवावी लागली असतील? एक मत याच्याकडून काढून त्याला दिले की फरक दोनाचा पडतो, म्हणून १,०५०. एका केंद्रातली ४० टक्क्यांहून जास्त मते फिरवली तर स्थानिक कार्यकर्त्यांच्या डोळ्यांत ते खुपेल, असे धरू. म्हणजे केंद्रामागे फार तर २४०. या हिशेबाने अवघी पाच केंद्रे हाताशी धरली की काम फत्ते. आता ३५० पैकी पाच केंद्रांत गडबड आहे आणि आपण पाच कार्डे काढली. त्या पाचांत गडबडीचे एकही केंद्र न येण्याची शक्यता ९३ टक्के आहे.

याच मतदारसंघात आघाडी दहा टक्के असती, तर किमान ४४ केंद्रांत हात घालावा लागला असता. मग पाच कार्डांत त्यांतले एखादे सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते. आघाडी तीस टक्के असेल तर १३२ केंद्रे लागतात, आणि पाच कार्डे ९१ टक्के वेळा चोर पकडतात. उलटे विचारले, की ९५ टक्के खात्री हवी तर किती कार्डे काढावी, तर उत्तरे येतात तीस टक्क्यांच्या आघाडीला ७, दहा टक्क्यांच्या आघाडीला २२, आणि एक टक्क्याच्या आघाडीला १५७. एकतर्फी लढतीत पाच जवळजवळ पुरतात. जिथे खरा प्रश्न असतो, तिथेच ती तोकडी पडतात.

बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी नेमके हेच सूत्र पकडून जोखीम-मर्यादित तपासणीची पद्धत मांडली, आणि २०१७ मध्ये कोलोरॅडोने ती राज्यभर लागू केली. ‘निकाल चुकीचा असूनही तो तपासणीतून सुटण्याची शक्यता अमुक टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायची नाही’ ही मर्यादा आधी ठरते. मग मताधिक्य बघून कागद काढायला सुरुवात होते. पुरावा भक्कम झाला की थांबायचे, नाही झाला तर आणखी कागद काढायचे, आणि तरीही समाधान झाले नाही तर सगळे मोजायचे. २०२० मध्ये जॉर्जियात अध्यक्षपदाची लढत इतकी चुरशीची झाली, की या तपासणीसाठी राज्यातली सुमारे ५० लाख मते हाताने मोजण्याची वेळ आली. त्यात फ्लॉइड काउंटीत मोजायच्याच राहून गेलेल्या अडीच हजारांहून अधिक मतपत्रिका सापडल्या. निकाल बदलला नाही. पण चूक कागदामुळेच उघडकीस आली.

आता महाराष्ट्राचे पाहा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर २८८ गुणिले ५ अशा १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्यांचा ताळा जमला, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. याचा अर्थ किती घ्यायचा? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. तपासलेल्या वस्तूंत एकही दोष निघाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. येणाऱ्या उत्तराहून दोषांचे प्रमाण जास्त नाही, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ३ भागिले १,४४० म्हणजे सुमारे ०.२ टक्के. लाखभर केंद्रांत फार तर दोनशेच्या आसपास. राज्यभर हजारो यंत्रे फिरवली गेली हा आरोप या आकड्यापुढे टिकत नाही, आणि तो करणाऱ्यांनी निदान या आकड्याला उत्तर द्यायला हवे. पण मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांनी, साकोलीत २०८ मतांनी आणि बेलापूरमध्ये ३७७ मतांनी लागलेल्या निकालांबद्दल तो १,४४० चा आकडा जवळपास काहीच सांगत नाही. तिथे एका केंद्रातली चूकही पुरेशी आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि आपल्याकडच्या वादात एक बाजू पहिलेच ऐकते तर दुसरी दुसरेच.

याच निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकांवर अभिरूप (मॉक) फेरमतदान घ्यायचे ठरवले. गावाने ज्याला मते दिली असे गावकरी सांगत होते, तो उमेदवार माळशिरसमधून निवडूनही आला होता. गावातले आकडे मात्र त्यांना पटत नव्हते. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ३ डिसेंबरचे ते मतदान झाले नाही. झाले असते तरी त्यातून काही सिद्ध झाले नसते. निकाल माहीत झाल्यावर, गावासमोर, पुन्हा टाकलेले मत हे पहिल्या मताची प्रत नसते. शंका मिटवू शकणारा कागद आधीच छापून झाला होता, त्या गावाच्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅटमध्ये. कोणत्याही गावाला ‘आमच्या केंद्राच्या चिठ्ठ्या आमच्यासमोर मोजा’ असे म्हणण्याची सोपी, ठरलेली वाट असती, तर जमावबंदीची वेळच आली नसती. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तिथल्या मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तो यंत्रांत घोटाळा सापडला म्हणून नव्हे. सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय मोजणीचे महत्त्वाचे टप्पे पडताळता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

चिठ्ठीलाही मर्यादा आहेत. मतदाराने सात सेकंदांत ती पाहिलीच नाही, तर तो पुरावा लंगडा होतो. चुकीची चिठ्ठी दिसली अशी तक्रार करता येते, पण मग अधिकाऱ्यांसमोर चाचणी मत द्यावे लागते आणि तक्रार खोटी ठरली तर कारवाई. हे ऐकून किती जण तोंड उघडतील? शिवाय मतदार यादीतून गायब झालेले नाव किंवा आदल्या रात्री वाटलेले पाकीट कोणत्याही चिठ्ठीत छापले जात नाही.

आणि बऱ्याचदा चूक ना यंत्राची असते, ना कटाची. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० अभिरूप मते टाकतात. ती पुसायला केंद्राध्यक्ष विसरला की ताळा बिघडतो. हरयाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक २ नोव्हेंबर २०२२ ला झाली. वाद एका केंद्राच्या मोजणीचा होता. तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निबंधकांनी फेरमोजणी केली. हरलेला ठरवलेल्या उमेदवाराची मते निघाली १,०५१, आणि जिंकलेल्याची १,०००. यंत्रांतला आकडा शाबूत होता. चुकीचा सरपंच जवळजवळ तीन वर्षे खुर्चीवर होता.

आयोगाचा नेहमीचा आक्षेप वेळेचा असतो. निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या तर निकालाला पाच-सहा दिवस लागतील, असे त्याने २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले होते. पण सगळीकडे निम्म्या मोजायची गरजच नाही. मताधिक्यानुसार कार्डे काढली, तर बहुतेक मतदारसंघांत सात ते वीस-पंचवीस केंद्रांत काम भागते. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का आणि त्यासाठी चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, हे तपासायला आयोगाला सांगितले. बारकोड येईल तेव्हा येवो. हातानेसुद्धा, मोजणीच्या दालनातल्या नेहमीच्या १४ टेबलांवर तासाला एक केंद्र असे धरले, तर ३५० केंद्रांच्या सगळ्या चिठ्ठ्या २५ तासांत होतात. मालेगाव मध्यचा निकाल शनिवारऐवजी सोमवारी लागला असता.