ताजच्या कारागिरांचे हात खरंच तोडले होते का?

‘दुसरा ताज होऊ नये म्हणून शाहजहाननं कारागिरांचे हात तोडले’ ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा एकही नाही. उलट १६४८ मध्ये पूर्ण झालेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यात, दिवाण-ए-खासच्या खांबांवर ताजवरचीच पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, दिसते.

शिवाय ही कला एका हातात मावतच नाही. नक्षी काढणारा, दगड कापणारा, खाच कोरणारा, घासणारा, असे वेगवेगळे हात लागतात. संगमरवराला आधी गेरूसारखा लाल रंग फासतात, म्हणजे सुईनं ओढलेली रेघ पांढरी उठते. लाजवर्द किंवा अकीक अशा रंगीत दगडाची जेमतेम दोन मिलिमीटरची चकती कुरुंदाच्या चाकावर, पाणी सोडत, पाकळीच्या आकाराला आणतात. पाणी कमी पडलं की ती तापून तडकते. खरी परीक्षा खाचेची! खाच खोल गेली तर दगड पृष्ठभागाखाली बसतो आणि पॉलिशला लागतच नाही. रुंद झाली तर पाकळीभोवती लुकणाची, म्हणजे दगड चिकटवायच्या मसाल्याची, काळपट रेघ कायमची दिसते.

आग्र्याच्या ताजगंजमध्ये हे काम आजही चालतं.