मालदांडी म्हणजे नेमकी कोणती?

सोलापूरच्या बाजारात पांढऱ्या, टपोऱ्या, चमकदार दाण्याच्या ढिगाला मालदांडी म्हणतात. बियाणं मंगळवेढ्याचं की बार्शीचं, सरकारी पिशवीतलं की घरच्या कणगीतलं, हे कुणी विचारत नाही. दाणा दाताखाली कसा लागतो आणि सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते का, एवढंच पाहिलं जातं. रब्बी ज्वारीच्या जनुकांवर काम करणाऱ्यांची मात्र या शब्दाने पुरती दमछाक केली आहे. त्यांच्या वहीत मालदांडी म्हणजे कधी एक निवडलेला वाण, कधी शेकडो शेतांत पसरलेली मिश्र जात, तर कधी पेशीतला एक गुणधर्म.

ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि आपली गच्च कणसाची रब्बी ज्वारी तिच्या दुर्रा नावाच्या शाखेतली. सोलापूरपुरती गोष्ट १९३०च्या दशकात सुरू होते. १९३३च्या सुमारास इथे कोरडवाहू शेतीवर संशोधन उभं राहिलं आणि त्याच दशकात मोहोळला शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून एक ओळ निवडली गेली, एम ३५-१. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरली की पेरायची आणि पुढे आभाळाकडे न बघता तेवढ्याच ओलीवर काढायची, असं हे पीक.

इथेच पहिला घोळ झाला. निवडलेल्या ओळीला आणि ती जिच्यातून निवडली त्या जातीला एकच नाव राहिलं. ज्वारी बहुतांशी स्वपरागी असली तरी थोडा परपराग होतोच. शेजारच्या रानात दगडी ही दुसरी स्थानिक ज्वारी उभी असेल तर तिचाही वाटा येतो. त्यात बाई खळ्यावर चांगली कणसं वेगळी काढून बी ठेवणार, म्हणजे दरवर्षी नवी निवड. जवळपास नव्वद वर्षांनंतर सांगोल्यातली मालदांडी आणि अक्कलकोटातली मालदांडी एकच धरून प्रयोग मांडणं धाडसाचं आहे. तरी कित्येक तुलनांमध्ये ‘स्थानिक मालदांडी’ एवढाच उल्लेख असतो, बी कुठल्या गावचं ते नाही.

मग आला संकरिताचा काळ. १९५४मध्ये अमेरिकेत मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या, आईकडूनच येणाऱ्या भागात, काफिर ज्वारीचं केंद्रक आणल्यावर परागकण निर्जीव होतात, असं दिसलं होतं. हाताने फुलांतले पुंकेसर काढत न बसता संकरित बी करायची ही वाट. भारतात १९६४ला पहिली संकरित ज्वारी आली आणि खरिपात पसरली. (१९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो घरातली वडीलधारी माणसं अजून नाक मुरडून आठवतात. प्रयोगशाळेत मात्र त्या नावाला मान आहे.)

रब्बीसाठीही तोच साचा वापरायचं ठरलं, आणि माझ्या मते इथे गाडी चुकली. मादी वाण, म्हणजे संकरिताची आई, मिलोच्या पेशीद्रव्याचे आणि खरिपाच्या घडणीचे होते. सोलापूर भागात त्यांना तीन गोष्टींनी गाठलं. रोप कोवळं असताना खोडमाशी पोंगा मारते. थंडीच्या रात्री संकरिताच्या कणसात दाणा नीट भरत नाही. ओल तुटली की खडखड्या या बुरशीरोगाने ताटं आडवी होतात. संकरितात खोडमाशीला दाद न देण्याचा गुण हवा तर तो बहुधा आई आणि बाप दोघांतही लागतो, आणि आईत तो नव्हता. मालदांडीच्या रोपाचं पान चकाकतं, खाली बारीक लव असते, माशीला अंडी घालायला ते रुचत नाही. शिवाय संकरिताच्या ठेंगण्या ताटाचा कडबा किती येणार? जनावरं राखून असलेल्या घरात कडब्याची पेंढी हा निम्मा हिशेब असतो. रब्बी संकरितं एकामागून एक प्रसारित झाली, सोलापूर त्यांच्याकडे वळलं नाही. ‘शेतकरी नवं स्वीकारत नाही’ हा शेरा तेव्हापासून अहवालांत चिकटला. त्याच वेळी हीच माणसं डाळिंब लावत होती.

१९७०मध्ये अमेरिकेत मक्यावर करपा आला. बहुतेक संकरित मका एकाच पेशीद्रव्यावर उभा होता आणि तोच रोगाला बळी पडला. त्यानंतर ज्वारीतही मिलोला पर्याय शोधणं निकडीचं झालं. सापडलेल्या पर्यायांपैकी एकाचं नाव मालदांडी. शास्त्रीय यादीत तो ए-४ गटात बसतो. मालदांडीच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीद्रव्यातल्या ऊर्जाकणिकांत, ही नरवंध्यता (परागकण निर्जीव होण्याचा गुण) असते, पण तिच्याच केंद्रकातली जनुकं ती झाकून ठेवतात. परक्या वाणाचं केंद्रक आलं की ती उघडी पडते. या पेशीद्रव्याचे मादी वाण मिलोवाल्यांपेक्षा खोडमाशीला कमी बळी पडतात, असंही पुढे तपासांत दिसलं. म्हणजे ज्या माशीने रब्बी संकरितं अडवली, तिच्यावरचा काही उतारा इथल्याच ज्वारीच्या पेशीत होता. तोटा एकच, पण मोठा: या मादीला पुन्हा दाणा धरायला लावणारे नर वाण फार थोडे मिळतात. त्यामुळे व्यवहारात मिलोच चालत राहिली.

अलीकडचं काम रेणवीय खुणांचं, म्हणजे डीएनएवरच्या खुणांवरून जनुकांचा माग काढण्याचं, आहे. २००९मध्ये ज्वारीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा, पण तो अमेरिकी वाणाचा. ओल संपल्यावरही पान हिरवं ठेवणाऱ्या जनुकांचा माग मुख्यतः इथिओपियन वंशाच्या बी-३५ या ज्वारीवर घेतला गेला. मालदांडीशी तिचा संकर करूनही ती ठिकाणं शोधली गेली. फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा हे सुधारित वाण जमिनीच्या खोलीनुसार सुचवले जातात: भारी रानाला पहिले दोन, मध्यमला तिसरा. सोलापुरात हे आजोबाही सांगायचे, वाणाचं नाव न घेता.

२०१६मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन मुलखाला मिळतं, जनुकाला नव्हे. वाणाचा हक्क २००१च्या वेगळ्या कायद्यात येतो आणि तिथे वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. खळ्यावर दरवर्षी निवडली जाणारी मालदांडी एकसारखी कशी ठरायची? शेतकऱ्यांच्या वाणांना त्याच कायद्यात जागा आहे, पण नोंद करायची तर आधी मालदांडी म्हणजे नेमकी कोणती, हे सांगावं लागतं. एम ३५-१ची निवड मोहोळची, मानांकनावर नाव मंगळवेढ्याचं, आणि बाजारातल्या पाटीवर दोन्ही गावं नाहीत. तिथे फक्त मालदांडी.