दोरी सुटली, मोटर आली: इलेक्ट्रिक ग्लायडरमागचा इतिहास

मार्चअखेर गहू निघाला की इंदूरभोवतालची शेतं मोकळी होतात. माळव्याची काळी माती उन्हाने तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि घारी पंख न हलवता चढत जातात. रेडिओने चालवायचे छोटे ग्लायडर उडवणाऱ्यांसाठी याहून चांगला हंगाम नाही. मात्र त्या उठत्या हवेपर्यंत, म्हणजे थर्मलपर्यंत, बिनइंजिनाचं मॉडेल पोचवायचं कसं? या खेळाचा बराचसा इतिहास याच अडचणीतून घडला आहे.

आधी दोरी होती. कुणी रबर जोडलेली दोरी ताणून ग्लायडर सोडत, कुणी विंच, म्हणजे दोरी वेगाने गुंडाळणारं यंत्र, वापरत. एफ३जे या स्पर्धाप्रकारात तर १५० मीटर दोरी धरून माणसं जीव खाऊन पळत. लांबलचक मैदान आणि मदतीला हात मिळाले तरच उड्डाण, नाहीतर मॉडेल घरी.

विजेच्या मोटरीचे प्रयोग तसे जुने. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवलं. रेडिओ मॉडेलचं ते पहिलं नोंदलेलं विजेवरचं उड्डाण. पण मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो फ्रेड मिलिट्की यांच्याबद्दल. त्यांचं ‘सिलेंटियस’ हे छोटं मॉडेल १९६०मध्ये ग्राउपनर या जर्मन मॉडेल कंपनीने बाजारात आणलं. पुढे त्याच ध्यासातून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात वेल्स इथे ‘एमबी-ई१’ हे विमान माणसाला घेऊन निव्वळ बॅटरीवर उडालं. मोठ्या विमानांचं तंत्र लहान करून मॉडेल बनतात असा आपला समज असतो. इथे गंगा उलटी वाहिली.

तरी पुढची कित्येक वर्षं वजन आडवं येत राहिलं. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, सात सेलांचा पॅक चारशे ग्रॅमच्या आसपास जाई आणि तो वर नेण्यातच त्याची बरीच ताकद खर्च होई. निओडिमियमची ताकदवान चुंबकं, ब्रशलेस (घासणाऱ्या ब्रशांविना चालणारी) मोटर आणि त्यानंतर ३.७ व्होल्टचे लिथियम-पॉलिमर सेल आले, तेव्हा कुठे चित्र पालटलं.

पंखांचंही तसंच. छोट्या, संथ पंखावरून हवा वाहते ती मोठ्या विमानापेक्षा वेगळ्या तऱ्हेने. चिकटून न राहता लवकर सुटते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मार्क ड्रेला यांनी १९८६मध्ये ‘एक्सफॉइल’ ही संगणक प्रणाली लिहिली आणि अशा पंखांचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकार, आधी गणिताने तपासता येऊ लागला. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या रिबा (पंखाच्या आतल्या फासळ्या) कापून, आराखड्यावर टाचण्यांनी रोवून पंख जोडण्यातला आनंद आजही आहेच. पण साच्यातून निघालेल्या कार्बन पंखाची मागची कड कागदासारखी पातळ असते, तिथे हातकाम थकतं. आज जवळजवळ चार मीटर पंखांचं स्पर्धेचं मॉडेल दीड किलोच्या आत बसतं.

इतकी ताकद हाती आल्यावर नियम उलट दिशेला वळले, आणि मला यातली खरी गंमत तीच वाटते. एफ५जे या इलेक्ट्रिक ग्लायडरच्या स्पर्धाप्रकारात मोटर एकदाच, जास्तीत जास्त तीस सेकंद चालते. मग पंख्याची पाती मिटून नाकाला चिकटतात. मॉडेलमधलं उंचीमापक सुरुवातीची उंची नोंदवतं. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण जातो, त्यावर तीन. म्हणजे ज्याला हवा वाचता येते तो मोटर लवकर बंद करतो. २०१९मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा स्लोव्हाकियात झाली.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येतं तिथे, १२० मीटरपर्यंतच मोकळीक आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. इंदूरचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने शेत निवडण्याआधी नकाशा बघावाच लागतो. आणि चैत्रातल्या भर दुपारी थर्मल जोरदार लागला, तर फ्लॅप (पंखामागच्या आतल्या झडपा) खाली, एलेरॉन (टोकाकडच्या झडपा) वर करून, हवेत ब्रेक लावून मॉडेल वेळेत उतरवता आलं पाहिजे.