महाकालीची लेणी की जोगेश्वरीची गुंफा?

अंधेरी पूर्वेला रिक्षात बसून नुसतं 'केव्हज' म्हणालात, तर रिक्षावाला मागे वळून विचारणारच, "महाकाली की जोगेश्वरी?" हा प्रश्न त्याने विचारला तर नशीब समजा. पुष्कळदा तो स्वतःच ठरवून टाकतो आणि बौद्ध लेणी बघायला निघालेला माणूस देवीच्या गाभाऱ्यासमोर उभा राहतो, किंवा ओटी भरायला निघालेल्या मावशी रिकाम्या टेकडीवर जाऊन पोचतात. चूक होणं साहजिक आहे. दोन्ही ठिकाणं डोंगरात कोरलेली, दोन्हींच्या नावात देवी, दोन्हींच्या नावाने रस्ते, आणि सरळ रेषेत मोजलं तर मध्ये दोन-अडीच किलोमीटरचंही अंतर नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक तर दोन्हीकडे आहेच.

पण बघण्याच्या दृष्टीने या दोघींचं गोत्र पूर्ण वेगळं. महाकालीची लेणी कान्हेरीच्या, म्हणजे बौद्ध घराण्यातली, जोगेश्वरीची गुंफा घारापुरीच्या, म्हणजे शैव. हे एकदा ध्यानात ठेवलं की आत गेल्यावर काय शोधायचं ते आपोआप कळतं.

आधी महाकाली. देवीचं नाव नंतर चिकटलेलं आहे. जुन्या कागदपत्रांत ही कोंडिवटे गावची लेणी, आणि ती कोरली गेली बौद्ध भिक्खूंसाठी. एकूण 19 लेणी. टेकडीच्या आग्नेय अंगाला 15 आणि मागच्या, वायव्य अंगाला 4. बहुतेक लोक पुढची रांग बघतात आणि मागे न फिरताच परततात. कोरीव कामाची सुरुवात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात आणि शेवटचा टप्पा इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत येतो. म्हणजे पाचसहाशे वर्षं इथे या ना त्या रूपात वस्ती होती. वस्ती हा शब्द मुद्दाम वापरतोय. यातली बहुतेक लेणी म्हणजे विहार, भिक्खूंनी राहायच्या खोल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी निवारा हवा. दगडातच काढलेले झोपायचे ओटे, दाराच्या चौकटीच्या खाचा, पाण्याची टाकी हे सगळं त्या राहणीतलं. इथे भव्य मूर्ती शोधत फिरणारा माणूस निराश होतो आणि "काही नाही हो, नुसत्या खोल्या आहेत" म्हणून निघून जातो. नुसत्या खोल्या आहेत, हेच तर बघायचं. दोन हजार वर्षांपूर्वी साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या जागी, माणसं किती जागेत, किती कमी सामानात राहत होती, ते इथे हाताने मोजून बघता येतं.

एक लेणं मात्र नुसतं राहायचं नाही. नववं. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, आणि माझ्या मते उपनगरातल्या सगळ्या लेण्यांत सर्वांत कमी लेखलेलं. कार्ल्याचा किंवा कान्हेरीचा चैत्य डोळ्यांसमोर आणा: दोन बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, टोकाला उघडा स्तूप. कोंडिवट्यात यातलं काहीच नाही. सपाट छताची एक साधी आयताकृती खोली, आणि तिच्या मागच्या टोकाला दगडातच कोरलेली गोल भिंत. त्या भिंतीला मधोमध दार, दोन्ही बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या. आत घुमटाकार छत आणि त्याखाली स्तूप. एखाद्या गोल झोपडीची नक्कलच दगडात उतरवलेली आहे. असा आराखडा पश्चिम भारतात फारच दुर्मीळ. त्याच्याशी जुळणारं उदाहरण सापडतं ते थेट बिहारमध्ये, बराबर टेकड्यांतल्या अशोककालीन सुदामा गुंफेत. अंधेरीच्या एमआयडीसीशेजारी उभं राहून बिहारच्या मौर्यकाळाची आठवण व्हावी, हे गंमतीचं आहे.

त्याच लेण्यात एक ब्राह्मी लिपीतला लेख आहे. पाची कामा गावचा राहणारा, गौतम गोत्राचा एक ब्राह्मण आणि त्याचा भाऊ यांनी विहार दान दिला, अशी नोंद. बौद्ध लेण्याला ब्राह्मणाचं दान, याचं आज कुणाला नवल वाटेल. त्या काळात अशी दानं होत. आणि उजव्या हाताच्या भिंतीवर बुद्धमूर्तींचा एक पट आहे, तो लेण्यापेक्षा बऱ्याच नंतरचा. मूळ लेणं कोरलं गेलं तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवायची प्रथा इथे आलेली नव्हती, स्तूपच पुजायचा. म्हणजे एकाच खोलीत पूजेच्या दोन रीती शेजारीशेजारी दिसतात.

आता जोगेश्वरी. दोन्हींतला फरक पायांना आधी कळतो: कोंडिवट्याला टेकडीवर चढायचं, जोगेश्वरीला जमिनीच्या पोटात उतरायचं. चारही बाजूंनी घरं, त्यांच्यामधून बोळ, आणि मग अचानक खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या. ही एकच गुंफा आहे, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे लांबच लांब पसरलेली. दालनं, मग उघडं अंगण, मग मुख्य सभामंडप, मग पलीकडे पुन्हा अंगण आणि चढ. एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडता येतं. मुख्य मंडपात 20 खांबांचा चौकोन आणि त्याच्या मधोमध सुटा उभा गाभारा, साधारण 24 फूट चौरस, चारही दिशांना दारं असलेला. घारापुरीला गेला असाल तर लगेच ओळखीचं वाटेल; तिथलाही लिंगाचा गाभारा असाच चार दारांचा आहे. खांबही त्याच वळणाचे, डोक्यावर उशीसारखा गोल भाग असलेले.

फरक असा की जोगेश्वरी आधीची. अजिंठ्यावर आयुष्य घालवलेले अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तिचा काळ सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवला, घारापुरी त्यानंतरची आणि बोरिवलीची मंडपेश्वर गुंफा त्याच्याही नंतरची. भारतातली मोठ्या आकाराची पहिली हिंदू गुंफा हीच, असं त्यांचं मत. थोडक्यात, ज्या घारापुरीसाठी आपण गेटवेला लाँचच्या रांगेत उभे राहतो, तिचा आराखडा आधी जोगेश्वरीत करून बघितलेला होता. आणि ती बघायला कुणी येत नाही.

ही गुंफा शैवांची, त्यातही पाशुपत पंथाची. त्या पंथाचा आचार्य लकुलीश, हातात दंड घेतलेला, शिष्यांमध्ये बसलेला, दाराच्या वरच्या पट्टीवर कोरलेला आहे. शिवपार्वतीचा विवाह, दोघांचा सारीपाट, कैलास हलवणारा रावण असे प्रसंगही आहेत. पण सांगायला हवं, हे सगळं शोधावं लागतं. डोळे अंधाराला सरावले की एखादा हात दिसतो, मग खांदा, मग बाजूला बसलेली आकृती. बाकीचं गळून गेलंय.

याला कारण दगड. दोन्ही ठिकाणचा खडक ज्वालामुखीच्या काळातला, पण घारापुरीसारखा घट्ट काळा बेसॉल्ट नव्हे. दगडगोटे आणि राख एकत्र गच्च बसून बनलेला हा खडक कोरायला सोपा, झिजायलाही तितकाच सोपा. कोंडिवट्याच्या साध्या खोल्यांचं त्यामुळे फारसं बिघडलं नाही; सपाट भिंत थोडी झिजली तरी ती भिंतच राहते. जोगेश्वरीत सगळा जीव मूर्तींत होता, आणि मूर्तीच पहिल्यांदा गेल्या. त्यात डोक्यावर वस्ती. गुंफेच्या छतावर आणि कडेला घरं उभी राहिली, सांडपाणी झिरपायला लागलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही, असं 2010 मध्ये दुरुस्त झालेला कायदा म्हणतो. तिथे उभं राहून वर बघितलं की कायदा आणि मुंबई यांचं नातं समजतं. घरं बांधणाऱ्यांना सरसकट दोष देण्यातही अर्थ नाही. ज्यांना शहरात दुसरीकडे जागा मिळाली नाही ते तिथे आले.

आणि सर्वांत मोठा फरक: जोगेश्वरी हे चालतं देऊळ आहे. शंकरासाठी कोरलेल्या गाभाऱ्यात आज जोगेश्वरी देवीची पूजा होते. घंटा, हळदकुंकू, नारळ, नवरात्रात गर्दी. गणपती आणि मारुतीलाही लोक आतच नमस्कार करून जातात. बरेच कोकणस्थ 'आमची कुलदेवता' म्हणून येतात. त्यांची ती योगेश्वरी खरी मराठवाड्यातल्या अंबाजोगाईची, पण देवीच्या बाबतीत असा काटेकोर हिशेब कोण ठेवतो. कोंडिवट्याला मात्र रोजची पूजा असलेलं कुठलं लेणं नाही. ते स्मारक आहे, आणि तिथली शांतता स्मारकाची आहे.

त्यामुळे वागणंही वेगळं. जोगेश्वरीत गाभाऱ्याजवळ चपला काढा, दर्शनाला आलेल्यांच्या मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नका, आरती चालू असेल तर बाजूच्या दालनात थांबा. कोंडिवट्याला प्रश्न निराळा: भिंतीवर नावं कोरणारे आधीच भरपूर येऊन गेलेत, त्यात भर नको. विजेरी दोन्हीकडे लागते, मोबाइलची पुरत नाही.

एकच जागा बघायला वेळ असेल तर? लहान मुलं बरोबर असतील तर कोंडिवटे, कारण मोकळं आहे, खोल्यांत शिरता येतं, आणि 'इथे झोपायचे' हे मुलांना झटकन कळतं. घारापुरी बघून झाली असेल तर मात्र आधी जोगेश्वरीच, झिजलेली असली तरी. दोन्ही एका सकाळी सहज होतात. अंधेरी पूर्वेहून बेस्टची बस महाकाली लेण्यांपर्यंत जाते. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांना सीप्झ स्थानक जवळचं. तिथून जोगेश्वरीला रिक्षाने जा, पण बसताना 'केव्हज' म्हणू नका, 'जोगेश्वरी देवीचं देऊळ, गुंफेतलं' असं सांगा. उलट दिशेने येत असाल तर 'कोंडिवटे' म्हणून उपयोग नाही, ते नाव रिक्षावाल्यांना ठाऊक नसतं. तिथे 'महाकाली केव्हज'च म्हणावं लागतं. भर पावसात जायचं असेल तर कोंडिवट्याची हिरवी टेकडी छान दिसते, पण जोगेश्वरी पावसाळ्यानंतरच बघा. आत पाणी साचतं, आणि ओल्या पायऱ्यांवरून पाय घसरतो.