वॅक्सिंगहून घरी येताना अंगावर काय असावं

लग्नसराई आली की परभणी असो, लातूर असो की जालना, पार्लरमध्ये बसायला जागा नसते. पहिल्यांदाच पूर्ण अंगाचं वॅक्सिंग करून घेणारी मुलगी फोनवर दर विचारते, वेळ ठरवते आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारते, "ताई, येताना काय घालून येऊ?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "काहीही चालतंय, सैल असलं म्हणजे झालं." उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. पार्लरमध्ये अंगावरचे कपडे काढून ठेवता येतात, गाऊन मिळतो, पडदा ओढलेला असतो. अडचण सुरू होते ती तिथून निघाल्यावर. बाहेर ४२ अंशांचं ऊन, स्कूटीची तापलेली सीट किंवा एसटीत दोन तास, आणि मांड्यांना चिकटलेली लेगिंग. म्हणून त्या दिवशीचे कपडे परतीच्या वाटेचा विचार करून निवडावेत, असं मी आवर्जून सांगते.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. हातापायांवर त्याची जाडी मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग, इतकीच. केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे लगेच उमजेल. धाब्यावरची पांढरी माती नीट दाबून बसलेली असेल तोवर पाऊस आत येत नाही. वरचा थर खरवडला गेला की पहिल्याच पावसात गळती लागते. त्वचेचा हा थर दोन्ही बाजूंनी राखण करतो. आतलं पाणी तो बाहेर उडू देत नाही, आणि बाहेरचे जंतू, साबण, रंग, अत्तर यांना सहजी आत शिरू देत नाही.

वॅक्स जसं केसाला चिकटतं तसंच या पापुद्र्यांनाही चिकटतं. पट्टी ओढली की केसांसोबत वरचे काही पापुद्रे निघून येतात. त्वचेचा अभ्यास करणारे संशोधक हेच मुद्दाम करतात. एकाच जागी चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून काढतात आणि दर वेळी त्वचेतून किती बाष्प बाहेर पडतंय ते यंत्रानं मोजतात. पापुद्रे जितके कमी होतात, तितकं बाष्प वाढतं. वॅक्सिंगमध्ये हेच सौम्य प्रमाणात घडतं, पण एकाच बैठकीत दोन्ही हात, दोन्ही पाय आणि पाठ एवढ्या मोठ्या भागावर. निरोगी त्वचा हे कवच लगेच दुरुस्त करायला घेते आणि एक ते तीन दिवसांत बऱ्यापैकी सावरते. कपड्यांची काळजी घ्यायची ती एवढ्या काळापुरती.

केसाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होते. केस मुळासकट निघाला की त्याची खाच, म्हणजे केशकूप, काही काळ रिकामी आणि उघडी राहते. प्रत्येक कूपाभोवती चेतातंतूंचं आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ओढ बसल्यामुळे तिथं हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कूपाकूपाभोवती लाल ठिपके उठतात. ते काही तासांत, फार तर दीड-दोन दिवसांत जातात आणि त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. काळजी घ्यायची ती स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूची. साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि तिथून हातावर, अंगावर पसरतो. धडधाकट त्वचेवर त्याचं फारसं चालत नाही. उघड्या कूपात घामासोबत तो शिरला आणि वरून घट्ट कापड घासत राहिलं, तर दोन-तीन दिवसांत पू धरलेल्या पुळ्या येतात. आपल्याकडे ज्याला केसतोड म्हणतात, ते हेच.

आता कापडाकडे येऊ. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या रेणूवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा ठिकठिकाणी असतात. पॉलिएस्टरच्या धाग्यावर त्या जवळपास नसतातच. त्यामुळे साध्या पॉलिएस्टर कुर्त्याच्या आत घाम त्वचेवरच साचून राहतो. ओल्या त्वचेवर कापड कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त घासतं, कारण पाण्यानं वरचा थर मऊ पडतो आणि कापडाला जास्त चिकटतो. घामातलं मीठ त्यात भर घालून झोंबतं ते वेगळंच.

सुती कापडाचाही एक दोष आहे. ते पाणी शोषतं तसं धरूनही ठेवतं. कोकणातल्या दमट हवेत घामेजलेला सुती ब्लाउज तासन्‌तास ओलाच राहतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र हवा इतकी कोरडी असते की सैल सुती कापड ओलं होता होता वाळतं आणि वाळताना अंग थंड करतं. आपल्या हवेला हे कापड फार चांगलं मानवतं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं एनएचएच ४४ सारखा गाजलेला संकरित वाण दिला, आपल्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, आणि आपल्याच बाजारात बायकांसाठी सुती सलवार शोधत फिरावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"पण माझी लेगिंग सुतीच आहे," असं हमखास ऐकायला मिळतं. बहुतेक सुती लेगिंगमध्ये थोडा ताणला जाणारा धागा विणलेला असतो आणि तेवढ्यावर ती अंगाला आवळून बसते. कापड कोणतं हा प्रश्न अर्धाच. ते त्वचेपासून किती सुटं आहे, हा उरलेला अर्धा. मधली हवा खेळली नाही तर उत्तम सूतही उपयोगाचं नाही.

पायांचं वॅक्सिंग असेल तर घेरदार सलवार, पटियाला, पलाझो किंवा साधा परकर बरा. चुडीदार घालून गेलेल्या मुलीची पोटरीपाशीच अडचण होते. "ताई, वर जाईना गेलंय की हे," म्हणत ओढाताण होते, आणि परत येताना तीच घट्ट चुडी ताज्या पोटरीवर करकचून बसते. पैंजण घरी काढून ठेवावेत, घुंगरांत वॅक्स अडकतं. हातांसाठी बिनबाह्यांचा किंवा रुंद बाहीचा कुर्ता. पाठ केली असेल तर अंतर्वस्त्राचा मागचा पट्टा नेमका लाल झालेल्या जागेवर येतो, तेव्हा त्या दिवशी मऊ सुती बनियन किंवा स्लिप घालून वर सैल कुर्ता घालावा.

काखेबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण तिथंच सगळ्यात जास्त त्रास होतो. अंगभर पसरलेल्या घामग्रंथी त्वचेवर थेट उघडतात. काखेत आणि जांघेत त्यांच्या जोडीला वेगळ्या प्रकारच्या ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव केशकूपातूनच बाहेर येतो. म्हणजे ज्या कूपाला आत्ताच इजा झाली, त्याच वाटेनं हा स्राव येणार. वर हात हलला की कापड तिथं घासणारच. आपल्याकडे ब्लाउजचा मुंढा अंगाबरोबर शिवायची पद्धत आहे. चांगल्या शिवणीची ती खूणच मानली जाते. पण वॅक्सिंगच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तो मुंढा काखेत काचतो. साडीच नेसायची असेल तर सैल मुंढ्याचा जुना सुती ब्लाउज काढावा. डिओडरंटला दिवसभर तरी सुट्टी द्यावी. त्यातला अल्कोहोल आणि सुगंध उघड्या त्वचेला झोंबतो.

जांघेच्या वॅक्सिंगबद्दल बायका विचारायला संकोचतात आणि म्हणून चुका करतात. निकरचं इलॅस्टिक नेमकं त्याच रेषेवर बसतं जिथून केस निघालेत. जुनी, धुऊन मऊ झालेली, पूर्ण आकाराची सुती निकर आणि वर सैल सलवार, एवढं पुरेसं आहे. जीन्स नको. तापलेल्या सीटवर बसण्याआधी तिच्यावर सुती ओढणीची घडी टाकावी. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते: त्या भागातले केस म्हणजे अस्वच्छता नाही. ते काढायलाच हवेत असं कुठलंही वैद्यकीय कारण नाही. ज्यांना काढावेसे वाटतात त्यांनी नीट काढावेत, इतकंच.

कापड नवं नसावं. सिंथेटिक कापडाला लागणारे काही रंग आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेली रसायनं यांची अ‍ॅलर्जी असते हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे, आणि कवच पातळ झालेल्या त्वचेत ती सहज शिरतात. खळ घातलेला कडक सुती ड्रेसही त्या दिवशी नको. आठ-दहा धुण्यांत कापडाची खळ आणि झिलई निघून जाते आणि धागा मऊ पडतो. आजीचं जुनं इरकल लुगडं अंगाला इतकं सुखद लागतं ते यामुळेच.

उन्हासाठी आपल्याकडच्या मुलींनी स्वतःच चांगला उपाय रूढ केलाय: सनकोट आणि स्कार्फ. ताज्या वॅक्सिंगनंतर त्वचा सुजलेली असते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज आणि ऊन एकत्र आले की मागं काळपट डाग राहू शकतात. महिनोन्‌महिने राहतात. सनस्क्रीन त्या दिवशी चरचरू शकतं, म्हणून कापडावरच भिस्त ठेवावी. पण पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरणं बरीच आत येतात आणि कापड घामानं ओलं झालं की आणखी येतात. घट्ट विणीचा, जरा गडद रंगाचा आणि सैल सनकोट घ्यावा. त्याहून चांगलं म्हणजे वेळच संध्याकाळी पाचनंतरची घ्यावी.

कपड्याला वॅक्स लागलं तर काय करायचं हे वॅक्स कशाचं आहे त्यावर ठरतं. साखर आणि लिंबाचं असेल तर कोमट पाण्यात विरघळतं. पार्लरमधलं बरंचसं वॅक्स राळेचं असतं. राळ म्हणजे चीड वृक्षाचा चीक. ती पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. अशा डागावर आधी बर्फ फिरवावा, कडक झाल्यावर खरवडावं, उरलेल्यावर खोबरेल चोळावं आणि मग साबणानं धुवावं. अंगावर राहिलेला चिकटपणाही निघण्यापूर्वी तेलानंच पुसून घ्यावा, नाहीतर कापड त्वचेला डकतं आणि रस्त्यावरची धूळ तिथंच बसते. काहींना राळेचीच अ‍ॅलर्जी असते. आधी कधी पट्टीच्या आकाराचा खाजरा चट्टा आला असेल तर पार्लरच्या ताईंना तसं सांगावं.

लग्नघरात या सगळ्याचा क्रम बिघडतो. आज वॅक्सिंग, उद्या सकाळी हळद, संध्याकाळी चुडा, परवा जरीचा शालू. हळदीला पाच सवाष्णी, मग करवल्या, मग सगळ्या मैत्रिणी अंगभर चोळतात. हळदीची आणि त्यात मिसळलेल्या सुगंधाची अ‍ॅलर्जी काही जणींना असतेच, आणि उघड्या कूपांवर कितीतरी हातांचं चोळणं त्वचेला सोसत नाही. एकदा कासारानं हिरवा चुडा भरला की मनगटाचं वॅक्सिंग होत नाही, म्हणून मुली आदल्या दिवशी घाई करतात आणि मग काचेच्या बांगड्या ताज्या मनगटावर दिवसभर घासत राहतात. हळदीच्या तीन दिवस आधी वॅक्सिंग उरकावं. मधल्या दोन दिवसांत नवरीनं घरात सैल सुती गाऊनवर राहावं, आणि पाहुण्यांसमोर भारी साडी नेसून बसायचा आग्रह घरच्यांनी करू नये. शालूच्या आत मऊ सुती अस्तराचा ब्लाउज आधीच शिवून घ्यावा, कारण जरीची उलटी बाजू खरखरीत असते.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या असतील, तर कपडे काहीही घाला, वॅक्सिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये; त्वचा सोलून निघू शकते. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडच्या क्रीमनंही त्वचा पातळ होते. नायटा असलेल्या जागेवर पट्टी ओढली की तो पसरतो, आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेली निकर घातली की त्याला आणखी बळ मिळतं. लाली वाढत चालली, पू आला किंवा ताप आला तर पार्लरला फोन न करता दवाखाना गाठावा.

दोन-तीन आठवड्यांनी नवे केस येऊ लागतात तेव्हा घट्ट कपड्यांचा प्रश्न पुन्हा येतो. मऊ नवं टोक घट्ट जीन्सखाली दाबलं गेलं की वर येण्याऐवजी वळतं आणि कातडीच्या आतच वाढतं. मांडीवर आणि जांघेत ते बारीक गाठीसारखं लागतं. सुईनं कोरायची घाई करू नये. त्या आठवड्यात पुन्हा सैल सलवार काढावी आणि रोज अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं तिथं पाचेक मिनिटं ठेवावं. बहुतेक केस आपणच वर येतात.